ब्रेकबाईची वही

जेवायच्या टेबलाखाली तिचा उजवा पाय अधूनमधून आपोआप दाबला जायचा. मुलीने पाण्याचा ग्लास अगदी कडेला ठेवला, की पाय दाबला. नवरा बोलता बोलता नको त्या विषयाकडे वळला, की पाय दाबला. सासूबाई समोर बसायच्या. मोतीबिंदूमुळे त्यांना फारसं दिसायचं नाही, पण टेबल हललेलं बरोबर कळायचं.

“टेबलाला ब्रेक नाहीये गं,” त्या म्हणायच्या. “जाईल तिकडे जाईल ते. तू जेव.”

चौदा वर्षं ती ड्रायव्हिंग स्कूलमध्ये शिकवत होती. शिकवायच्या गाडीत डावीकडच्या सीटपुढेही एक क्लच आणि एक ब्रेक असतो. शिकणाऱ्याचा जीव, रस्त्यावरच्यांचा जीव आणि गाडीचा बंपर, सगळं त्या ब्रेकच्या हवाली असतं. विद्यार्थी तिला तोंडावर मॅडम म्हणायचे आणि पाठीमागे ब्रेकबाई. तिला ते माहीत होतं आणि त्यात काही वावगंही वाटत नव्हतं. नावं ठेवण्यात तीही कुठे मागे होती? तिचे विद्यार्थी तिच्या डोक्यात त्यांच्या खोडीनेच राहायचे. स्टिअरिंग धरलं की ज्यांचे हात हलायचे ते थरथरे काका. जी आरशात फक्त स्वतःची टिकली बघायची ती आरसा. आणि गाडी सरळ रस्त्यावरही एका बाजूला नेणारा तो उजवीओढ.

ती पहाटे साडेपाचला पहिला तास घ्यायची आणि संध्याकाळी सहाला शेवटचा. मधल्या वेळात घर. नवरा पाणीपुरवठ्याच्या पंपावर पाळीने कामाला होता, मुलगी नववीत होती, आणि सासूबाई. या तिघांची एक पद्धत होती. कुठलीही गोष्ट आठवली की ती तिला सांगून टाकायची आणि मोकळं व्हायचं. सांगायची वेळ बहुतेक ती चपला घालत असतानाची.

“अगं, उद्या गॅसवाला येणार आहे.”

“आई, शुक्रवारी पालकांना बोलावलंय.”

“सूनबाई, माझे थेंब संपत आले गं, उद्यापुरतेच आहेत.”

ती हो म्हणायची आणि खाली उतरायची. जिन्याच्या तीन वळणांत गॅसवाला, पालक आणि थेंब यांची डोक्यात एक मोळी बांधायची. जे मोळीत मावायचं नाही ते तळहातावर पेनाने लिहायचं. तळहात भरला की चिठ्ठी गाडीतल्या सनव्हायझरमध्ये खोचायची. ऊन आलं म्हणून सनव्हायझर खाली ओढलं की चिठ्ठ्या पानगळीसारख्या मांडीवर पडायच्या.

फोन होता, पण गाडी चालू असेपर्यंत तो डिकीत. हा नियम तिने स्वतःच केला होता. सहा वर्षांपूर्वी एकदा मेसेज वाचायला तिने खाली बघितलं, तेवढ्या दोन सेकंदांत विद्यार्थ्याने गाडी दुभाजकावर चढवली. कोणाला लागलं नाही, पण तेव्हापासून तिने कानाला खडा लावला. दुसऱ्याच्या हातात चाक असताना आपली नजर रस्त्यावर.

हे सगळं चौदा वर्षं चाललं. मग एका महिन्यात तीन तास बुडाले. दोघांनी तक्रार केली नाही. तिसरा तास हेडबाईंचा होता.

हेडबाई म्हणजे शाळेच्या निवृत्त मुख्याध्यापिका. वय बासष्ट. त्यांच्या यजमानांना आठवड्यातून तीनदा डायलिसिसला न्यावं लागायचं. भाड्याची गाडी कधी वेळेवर यायची, कधी यायचीच नाही. दारात घरची गाडी धूळ खात उभी होती, कारण ती चालवणारा माणूसच आता मागच्या सीटवर शाल पांघरून बसत होता. म्हणून बाई शिकायला निघाल्या होत्या. त्या दिवशी खांद्याला पर्स अडकवून चाळीस मिनिटं फाटकापाशी उभ्या राहिल्या आणि मग परत आत गेल्या. तक्रारही त्यांनी केली नाही. शेजारणीने केली, थेट मालकांकडे.

मालक किल्ल्यांचा जुडगा बोटात फिरवत बोलायचे. जुडगा थांबला की समजायचं, काहीतरी गंभीर आहे. त्या दिवशी तो थांबला.

“नव्या वसाहतीत आपण दुसरी शाखा काढतोय. दोन गाड्या, तीन माणसं हाताखाली. ती कोणाला द्यायची हे मी मनात कधीच ठरवलं होतं.” त्यांनी तिच्याकडे बघितलं. “पण जी बाई गाडी घेऊन वेळेवर पोचत नाही, तिच्या हातात शाखा कशी देऊ? पुढचा महिना बघतो. एक तास जरी बुडाला तरी शाखा टायवाल्याला.”

टायवाला म्हणजे दुसरा शिक्षक. भर उन्हात टाय लावून क्लच शिकवायचा. त्याचा फोन दर तासाला बाईच्या आवाजात पुढच्या विद्यार्थ्याचं नाव सांगायचा. माणूस वाईट नव्हता. पण ती शाखा तिच्या घरापासून चालत दहा मिनिटांवर होती, आणि चौदा वर्षं डावीकडे बसून दुसऱ्याच्या हातातलं चाक बघून बघून आता एकदा तिला ते स्वतःच्या हातात हवं होतं. ती शाखा तिला हवी होती. इतकी हवी होती, की घरी तिने ते कोणाला सांगितलंही नाही.

दुसऱ्या दिवशी ती स्टेशनरीच्या दुकानात गेली. सरळ म्हणाली, “कामं लक्षात राहतील अशी वही द्या.”

दुकानदाराने काउंटरवर प्लॅनर मांडले. पहिल्याच्या पानावर आठ छोटे ग्लास छापलेले होते, प्यायलेल्या पाण्यागणिक रंगवायला. खाली ओळ होती: आज मी कशाबद्दल कृतज्ञ आहे? तिने मनात उत्तर दिलं, कोणी माझ्यासकट नाल्यात गेलं नाही याबद्दल. दुसरा प्लॅनर सकाळी आठला सुरू व्हायचा.

“आठला माझा तिसरा विद्यार्थी चालू असतो,” ती म्हणाली.

“वरच्या कोऱ्या जागेत लिहा की मॅडम. आणि माझं ऐकाल तर दोन घ्या. कामाचा वेगळा, घराचा वेगळा. सगळे तसंच करतात. गोंधळ होत नाही.”

हे तिला फार पटलं. तिने कामाला निळा घेतला आणि घराला लाल, सोनेरी कडेचा. मुलीने दोन्हींवर स्टिकर लावून दिले. निळा गाडीत राहू लागला, लाल फ्रिजवर. पहिले नऊ दिवस एकही तास बुडाला नाही. गॅसवाला आला तेव्हा दार उघडायला माणूस होतं. ती पालकसभेला गेली तेव्हा वर्गशिक्षिकेने मागे वळून घड्याळात बघितलं, कारण ही आई वेळेवर आलेली तिने आजवर पाहिलीच नव्हती. नवव्या दिवशी ब्रेकबाई जिना उतरताना चक्क गुणगुणली.

दहाव्या दिवशी तिला सासूबाईंचे कागद डोळ्यांच्या दवाखान्यात द्यायचे होते, म्हणून लाल प्लॅनरही तिने पिशवीत टाकला. हेडबाईंच्या फाटकापाशी ती पाच मिनिटं आधी पोचली, आणि वेळ होता म्हणून दोन्ही वह्या मांडीवर घेऊन अठरा तारखेचं पान उघडलं.

निळ्यात लिहिलं होतं: हेडबाई, लायसन्सची चाचणी, सकाळी दहा.

लालमध्ये लिहिलं होतं: आई, डोळ्याचं ऑपरेशन, सकाळी नऊ.

दोन्हीकडचं अक्षर तिचंच होतं. दोन्हीकडे खाली दुहेरी रेघ होती. दोन्हीकडे स्टिकरचं फूल होतं. दोन्ही वह्या आठवडाभर इमानेइतबारे भरल्या जात होत्या, पण त्यांची एकमेकींशी गाठच पडली नव्हती.

तिचा पाय दाबला गेला. गाडी बंदच होती.

हेडबाई आल्या, सीट पुढे ओढली, पट्टा लावला, तिन्ही आरसे बघितले. गाडी निघाली. चौकापर्यंत ब्रेकबाई काही बोलली नाही. नेहमी ती चौकापर्यंत सहा सूचना द्यायची. सातव्या मिनिटाला हेडबाईंनी डावा इंडिकेटर दिला, आरशात बघितलं, खांद्यावरून बघितलं आणि गाडी शांतपणे रस्त्याच्या कडेला घेतली.

“मी थांबा म्हटलं नव्हतं,” ब्रेकबाई म्हणाली.

“तीस वर्षं मी वर्गाकडे पाठ करून फळ्यावर लिहिलंय. मागे कोण रडवेलं झालंय ते मला न बघता कळतं. काय झालंय?”

तिने सांगितलं. चाचणीला स्कूलचीच गाडी लागायची आणि ती न्यायला ती स्वतः. ती तारीख हुकली तर पुढची दीड महिन्याने. आणि मालकांची अट. तीही सांगून टाकली, घरी न सांगितलेली.

“वह्या बघू,” हेडबाई म्हणाल्या. त्यांनी निळी बघितली, लाल बघितली आणि दोन्ही मिटून डॅशबोर्डवर ठेवल्या. “या दोन कशाला? तुम्ही दोन आहात का?”

ब्रेकबाईने डॅशबोर्डवरच्या वह्या एकावर एक सरळ लावल्या.

“हसू नका हां, पण मीही हेच केलं होतं. मुख्याध्यापिका झाले त्या पहिल्या वर्षी वेळापत्रक लावलं. अठ्ठावीस तुकड्या, एकेचाळीस शिक्षक, एक प्रयोगशाळा, एक मैदान. मी दोन सुंदर तक्ते केले. एक शिक्षकांचा, एक वर्गांचा. सात रंग वापरले. शाळा उघडली, तर पहिल्याच तासाला तीन वर्ग मैदानावर आणि शिट्टी एकाच्याच गळ्यात. आणि सातवी ब मध्ये भूगोलाचे दोन शिक्षक एकमेकांकडे बघत उभे.”

“मग?”

“मग एक तक्ता. एकच. आधी त्यात खिळे ठोकायचे. आम्ही खिळेच म्हणायचो. प्रयोगशाळा, मैदान, आठवड्यातून दोनच दिवस येणारे संगीताचे सर. ते हलत नाहीत, ते पेनाने. बाकी सगळं पेन्सिलने, ते खिळ्यांच्या मधून जातं. आणि रोज एक तास मोकळा. कोणीतरी शिक्षक ऐनवेळी येत नाहीच. तेव्हा तास आणायचा कुठून?”

“पण अठराला दोन खिळे आहेत, बाई. एकाच जागी.”

“ऑपरेशन हलत नाही. चाचणी हलत नाही. चाचणीला तुम्ही लागता, कारण गाडी तुमच्याकडे आहे. ऑपरेशनला तुम्हीच का?”

“सासूबाई आहेत माझ्या.”

“आणि तुमच्या मिस्टरांच्या कोण लागतात?”

खरं म्हणजे नवऱ्याने नाही म्हटलंच नव्हतं. त्याला कोणी विचारलंच नव्हतं. तारीख मिळाली त्या दिवशी तो बूट घालताना म्हणाला होता, “आईचं अठराला आहे हां,” आणि तिने लिहून घेतलं होतं. तिने लिहिलं म्हणजे ते काम तिचं, असा घरात कायदा कधी झाला ते आठवत नव्हतं. पण तो सगळ्यांना पाठ होता, तिलाही.

“विषय आणि वेळ लिहून भागत नाही,” हेडबाई म्हणाल्या. “कोण, तेही लिहावं लागतं. नाहीतर वेळापत्रकात भूगोल असतो आणि वर्गात कोणी नसतं.” त्यांनी गाडी पहिल्या गिअरमध्ये टाकली. “दुकान कुठे आहे ते? मला दोन गाड्यांच्या मधे गाडी लावायचा सराव हवाच आहे.”

दुकानासमोर त्यांनी गाडी दोन स्कूटर आणि एका टेम्पोच्या मधे दुसऱ्या प्रयत्नात बसवली. आत जाऊन दुकानदाराला म्हणाल्या, “स्टूल द्या. या मॅडमना बसवायचंय.”

दुकानदाराने स्टूल दिलं. नाही म्हणायची त्याची छाती नव्हती. बाईंचा आवाज अजून शाळेतलाच होता.

“बसा. समजा मी उजवीकडे गाडी चालवतेय. तुमचा पाय ब्रेकवर. उजवा हात?”

“तो मोकळा लागतो. कधी स्टिअरिंग धरावं लागेल सांगता येत नाही.”

“म्हणजे वही डाव्या मांडीवर. लिहा आता.”

दुकानदार एकेक प्लॅनर देत गेला. निम्मे मांडीवर उघडे राहीनात, आपोआप मिटायचे. एक इतका जाड होता, की त्याच्यावर हात ठेवून झोप लागली असती. एकाला चुंबकाचं झाकण होतं, ते उघडायला दोन हात लागायचे. हेडबाईंनी पंखा पूर्ण सोडायला लावला. वाऱ्याने पानं उलटली की ती वही बाद. मधेच त्या म्हणायच्या, “टेम्पो आला,” आणि ब्रेकबाईला पेन्सिल टाकून हवेतलं स्टिअरिंग धरायला लागायचं. पेन्सिल तीनदा काउंटरखाली गेली. दुकानात आलेली दोन गिऱ्हाइकं खरेदी विसरून बघत उभी राहिली.

“तारखा छापलेली नको,” ब्रेकबाई आता स्वतःच म्हणाली. तिला काय हवंय ते तिचं तिला दिसायला लागलं होतं. “सुट्टीच्या आठवड्याची पानं फुकट जातात. आणि पाचपासून ओळी हव्यात. ग्लास नकोत. फुलं नकोत. पूर्ण आठवडा एका नजरेत दिसायला हवा, म्हणजे पान उलटावं लागणार नाही. पुठ्ठा कडक. तारेची बांधणी.”

दुकानदार विचारात पडला. मग वाकून सगळ्यात खालच्या कप्प्यातून त्याने एक राखाडी वही काढली आणि तिच्यावरची धूळ फुंकली. “ही आम्ही दातांच्या डॉक्टरकडच्या रिसेप्शनिस्टला देतो. बाहेर मांडत नाही. दिसायला काही खास नाही हो.”

ती मांडीवर सपाट उघडली आणि उघडीच राहिली. पाचपासून ओळी. आठवडा समोरासमोरच्या दोन पानांवर. पंख्याच्या वाऱ्यात पान नुसतं थरथरलं, उलटलं नाही.

“टेम्पो,” हेडबाई म्हणाल्या.

ब्रेकबाईने पेन्सिल सोडली, स्टिअरिंग धरलं. वही मांडीवर होती तशीच.

“पेन्सिलीला दोरी बांधा,” ती दुकानदाराला म्हणाली. “ही एकच द्या.”

घरी येऊन तिने टेबलावर वही उघडली, पट्टी घेतली आणि प्रत्येक दिवसाच्या उजव्या कडेला एक बारीक रकाना आखला. वर लिहिलं: कोण. मग दाराजवळ भिंतीला एक हूक ठोकला. नवरा पाळी संपवून आला, तो हुकाकडे बघत उभा राहिला.

“हे काय?”

“मी घरी आले की वही इथे. तोंडी निरोप आजपासून बंद. काम असेल ते यात लिहायचं, आणि कोण करणार तेही.”

“म्हणजे आता घरात बोलायचंच नाही?”

“बोला की. भरपूर बोला. काम सोडून बोला.”

“आई, आजीचे थेंबपण मी लिहायचे?” मुलीने विचारलं.

“थेंब कोण घालतं?”

“मीच.”

“मग संपत आलेत ते आधी कोणाला कळेल?”

मुलीने वही खाली घेतली आणि लिहिलं. ब्रेकबाईने अठरा तारखेवर बोट ठेवून नवऱ्यापुढे पेन धरलं. “हा खिळा आहे. आईंचं ऑपरेशन. त्याच वेळी माझ्या विद्यार्थिनीची चाचणी आहे, तोही खिळा. इथे कोण, ते लिहा.”

तो पेन घेऊन उभा राहिला. त्याची अठराला सकाळची पाळी होती. दवाखान्यात त्याला घाम फुटायचा, नुसता इंजेक्शनचा वास आला तरी. हे दोन्ही तिला माहीत होतं, आणि एरवी इथेच तिने म्हटलं असतं, राहू दे, मी बघते. तिचा पाय दाबलाही गेला. पण ती बोलली नाही.

आतून सासूबाई म्हणाल्या, “का रे, माझ्या पोटी दगड आलाय का? लिही ना.”

“पाळी बदलून घ्यावी लागेल,” तो पुटपुटला.

“त्याचीही ओळ आहे. सोळा तारखेला लिहा.”

त्याने सोळाला लिहिलं, पाळी बदलणे. मग अठराच्या कोण या रकान्यात, बराच वेळ घेऊन, लिहिलं: मुलगा.

सासूबाई भिंत चाचपत बाहेर आल्या. “माझं मला लिहू दे,” म्हणाल्या. त्यांना ओळी दिसत नव्हत्या. त्यांनी पेनाने, तीन ओळी खाऊन, हत्तीएवढ्या अक्षरांत लिहिलं: डोळा. मग विचारलं, “बसलं का त्या घरात?”

“बसलं,” ब्रेकबाई म्हणाली.

अठरा तारीख उजाडली. साडेपाचला थरथरे काका, साडेसहाला आरसा, साडेसातला उजवीओढ. पावणेदहाला ती हेडबाईंना घेऊन लायसन्सच्या ऑफिसच्या मैदानावर हजर होती. टायवालाही दोन विद्यार्थी घेऊन आला होता. सव्वादहाला कळलं, की चाचणीच्या मार्गावरचा कॅमेरा बिघडला आहे आणि तो दुरुस्त होईपर्यंत सगळ्यांनी थांबायचं.

साडेअकरापर्यंत सगळे थांबले. टायवाल्याच्या फोनमधली बाई दर थोड्या वेळाने गोड आवाजात कोणाचं तरी नाव सांगत होती आणि तो दर वेळी टाय सैल करत होता. त्याचे तास एकाला एक चिकटून लावलेले होते. एक घसरला की पुढचे सगळे घसरत होते.

ब्रेकबाईने वही मांडीवर घेतली. बारा ते एक मोकळा तास होता, तो चाचणीने खाल्ला तरी चालणार होतं. एकचा विद्यार्थी पेन्सिलचा होता. तिने तो खोडून पाचला नेला. गाडी उभी होती, म्हणून डिकीतून फोन काढला आणि त्याला कळवलं. तेवढ्यात नवऱ्याचा मेसेज दिसला. दवाखान्यातून, नऊ चाळीसचा.

“आईचा कोणता डोळा?”

खाली दुसरा मेसेज होता, नऊ बेचाळीसचा. “विचारलं. उजवा. आईलाच पाठ होतं.” आणि तिसरा, अकराचा. “झालं. चहा प्यायली. मला घाम आला म्हणून नर्सने मलाच बसवलं. ते वहीत लिहू नकोस.”

तिने फोन डिकीत ठेवला, झाकण आपटून बंद केलं आणि तिथेच उभी राहून एकटीच हसली.

पावणेबाराला हेडबाईंचा नंबर लागला. अधिकारी त्यांच्या शेजारी बसला आणि ब्रेकबाईला कुंपणाबाहेर थांबावं लागलं. आठचा आकडा झाला. उलटी गाडी घेऊन झाली. मग चढ. चढावर थांबून परत निघायचं, गाडी मागे सरकू न देता. हेडबाई थांबल्या. एक सेकंद, दोन, तीन. कुंपणाबाहेर ब्रेकबाईच्या उजव्या पायाने खडीत चांगला खड्डा केला. मग गाडी, पायरी चढावी तशी, सरळ वर गेली.

हेडबाई शिक्का मारलेला कागद घेऊन आल्या. “पास,” म्हणाल्या. “पण या मुलाने तपासायला फार वेळ लावला. माझ्या शाळेत असता तर सांगितलं असतं मी.”

परत निघताना टायवाला गाडीच्या खिडकीशी आला. त्याचे दोन तास बुडाले होते. “मॅडम,” तो जरा अडखळत म्हणाला, “ती वही कुठे मिळते?”

“सांगते,” ती म्हणाली. “आधी मला सांगा, मांडी केवढी आहे तुमची?”

महिना संपला त्या दिवशी मालकांनी तिला बोलावलं आणि वही मागितली. ते एकेक पान उलटत गेले. तीन आठवड्यांनंतर पुठ्ठ्याला कोपरे पडले होते, पानांवर खोडरबराची भुकटी होती, एका जागी डोळा असं हत्तीएवढं लिहिलं होतं. पण बुडालेला तास एकही नव्हता.

“हे उजवीओढ कोण?”

“तुमचा भाचा.”

मालकांनी पुढे बघितलं. “आणि हे? सोमवारी, मालक, दोनदा आठवण.”

“ते तुम्ही. गाडीची सर्व्हिसिंग. एकदा सांगून तुमच्याकडून होत नाही.”

मालक हसले नाहीत. त्यांनी वही मिटली, तिच्यापुढे सरकवली. बोटातला किल्ल्यांचा जुडगा थांबला, आणि त्यांनी त्यातून तीन किल्ल्या मोकळ्या केल्या: शटरची, कपाटाची, आणि दुसऱ्या गाडीची. “शाखेचं उद्घाटन एक तारखेला,” ते म्हणाले. “लिहून घ्या.”

“पेनाने लिहिते,” ती म्हणाली.

घरी तिने दारात उभं राहून किल्ल्या वाजवल्या. नवरा म्हणाला, “हे काय?” तिने वही हुकाला लावली आणि एक तारखेवर बोट ठेवलं. त्याने वाचलं, परत वाचलं आणि पेन घेऊन कोण या रकान्यात लिहिलं: सगळे.

“आम्हाला आधी सांगितलं नाहीस,” सासूबाई म्हणाल्या. त्यांच्या उजव्या डोळ्याला आता सगळं दिसत होतं, सुनेचं ओलं झालेलं तोंडही.

“तोंडी निरोप बंद आहेत ना आई,” ती म्हणाली.

नव्या शाखेच्या दुसऱ्या आठवड्यात, गुरुवारी दुपारी, शटरबाहेर हॉर्न वाजला. हेडबाईंची धूळ झटकलेली गाडी उभी होती. मागच्या सीटवर त्यांचे यजमान शाल पांघरून बसले होते. दवाखान्यातून परत निघाले होते.

“चार ते पाच तुमचा मोकळा तास आहे,” हेडबाई म्हणाल्या. “बसा. यांना घरी सोडू आणि मग एक चक्कर मारू.”

“खरंच जा,” मागून यजमान म्हणाले. “तिला कोणीतरी सांगायला हवंय, की ती चांगली चालवते. माझ्यावर तिचा विश्वास नाही.”

ब्रेकबाई डावीकडे बसली. समोर ना क्लच होता, ना ब्रेक, नुसता रबरी गालिचा. गाडी निघाली. वर्दळीचा चौक गेला, शाळा सुटल्याची गर्दी गेली, एक सायकलवाला आडवा आला आणि गेला. हेडबाई बोलत होत्या, ती ऐकत होती, यजमान मागे डुलकी घेत होते. फाटकापाशी गाडी थांबली तेव्हा तिच्या लक्षात आलं, की सबंध रस्ताभर आपला उजवा पाय हललाच नाही.

संध्याकाळी घरी आल्यावर तिने हुकावरची वही काढली. पुढच्या सगळ्या गुरुवारांना, चार ते पाचच्या ओळीत, तिने आजवर पेन्सिलने लिहिलेलं मोकळा हे खोडलं आणि पेनाने परत लिहिलं. शेजारच्या बारीक रकान्यात लिहिलं: मी.

तेवढ्यात मागून नवरा चप्पल घालता घालता म्हणाला, “अगं, उद्या तो—”

आणि मग स्वतःच थांबला, मागे फिरला, आणि हात पुढे केला. “पेन्सिल दे.”